‘सेट’नं बसवलेलं बस्तान

मागच्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले होते की इंग्रजीतला सगळ्यात मोठा बहुरूपी म्हणजे ‘सेट’. तीन अक्षरांचा जीव, पण एका अर्थावर टिकेल तर शपथ. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकते. बाकीच्यांनी, विशेषतः ऱ्हस्व-दीर्घावरून माझ्याशी भांडायला आलेल्या मंडळींनी, महिनाभर धीर धरावा.

‘सेट’चे ४३० अर्थ आहेत आणि हा जागतिक विक्रम आहे असं एका स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचलं. एका शब्दाचे एवढे अर्थ असू शकतात? आणि ते मोजतं कोण?

आकडा खरा आहे, विक्रम शिळा आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, २० खंडांची. तिच्यात सगळ्यात लांब नोंद होती ती ‘सेट’ या क्रियापदाची. सुमारे ६०,००० शब्द! तेवढ्या शब्दांत एखादी कादंबरी होते. नुसत्या क्रियापदाचे अर्थ ४३०, आणि ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ अशा शेपट्या लावून होणारे धरले तर ५८०च्या घरात.

मग तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं. ते ‘ए’पासून सुरू न करता ‘एम’पासून केलं, कारण पहिल्या आवृत्तीतली सुरुवातीची अक्षरं संपादकांचा हात बसायच्या आधीची होती. (‘हात बसणे’ हा प्रयोग लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.) त्या कामात २००० साली ‘मेक’नं ‘सेट’ला मागे टाकलं, २००७ साली ‘पुट’नं, आणि २०११ साली ‘रन’नं सगळ्यांवर कडी केली. ‘रन’ या क्रियापदाचे अर्थ भरले ६४५. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक त्या एका शब्दावर नऊ महिने बसून होते.

मोजतं कोण, हा प्रश्न जास्त चांगला आहे. कोशकारांत दोन स्वभावांची माणसं असतात. एकांना फोड करायची हौस, दुसऱ्यांना मोळी बांधायची. घड्याळ ‘सेट’ करणं, गजर ‘सेट’ करणं आणि कॅमेऱ्याचा वेग ‘सेट’ करणं हे तीन अर्थ की एकच? फोड करणारा तीन लिहील. मोळी बांधणारा म्हणेल, ‘यंत्र हव्या त्या ठिकाणी आणून ठेवणे’ आणि पुढच्या शब्दाकडे वळेल. म्हणून खिशात मावणाऱ्या कोशात ‘सेट’चे दहा-पंधरा अर्थ दिसतात, मोठ्यात चारशे. शब्द तोच असतो, कागद कमी-जास्त असतो.

छोट्याच शब्दांना एवढे अर्थ का फुटतात, याबद्दल जॉर्ज झिप्फ या अमेरिकन अभ्यासकानं १९४५ साली एक निरीक्षण मांडलं: शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. मला यात नवल वाटत नाही. घरात जी सुरी हाताशी असते तिनंच दोराही कापला जातो, पाकीटही फोडलं जातं आणि स्क्रूही पिळला जातो. स्क्रू-ड्रायव्हर कपाटात वरच्या फळीवर असतो.

चारशे अर्थ पाठ करणं मला जमणार नाही. यांच्या मुळाशी एखादा तरी अर्थ असेल ना, ज्यावरून बाकीचे कळतील? (अकरावीची विद्यार्थिनी)

आहे, आणि तो तू बोलायला लागल्यापासून वापरते आहेस. ‘सेट’ म्हणजे बसवणे.

हे मी उपमा म्हणून सांगत नाही, व्याकरण म्हणून सांगते आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ हे त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याला बसायला लावणे. इंग्रजीत अशा जोड्या एकेकाळी पुष्कळ होत्या, आता मोजक्या उरल्यात. ‘फॉल’ म्हणजे पडणे, ‘फेल’ म्हणजे पाडणे (झाड पाडतात ते). ‘लाय’ म्हणजे आडवं असणे, ‘ले’ म्हणजे आडवं ठेवणे. ‘राइज’ आणि ‘रेझ’ही तसेच. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे यांत जसा आतला स्वर बदलतो, अगदी तसंच.

आता ‘बसवणे’ हातात घेऊन बघ. अंगठीत खडा बसवतात, इंग्रजीत तो ‘सेट’ करतात. निखळलेलं हाड बसवतात, तेही ‘सेट’. विस्कटलेले केस बसवतात, ‘सेट’. एवढ्यावर मराठी माणसाला शब्दकोश उघडायचं कारणच नाही. पुढची पायरी: एखादी गोष्ट बसली की ती हलत नाही. म्हणून ‘सेट’मध्ये ‘पक्कं, न बदलणारं’ हा अर्थ आला. ठरलेली वेळ, ठाम मत, ठरावीक साच्याचं वाक्य, सगळी ‘सेट’. तुझ्या कंपासपेटीतल्या गुण्यालासुद्धा इंग्रजीत ‘सेट-स्क्वेअर’ म्हणतात, कारण त्याचा काटकोन पक्का बसवलेला असतो. त्यापुढची पायरी: बसवायचं म्हणजे जागा ठरवायची. म्हणून नियम, किंमत, तारीख, ध्येय हे सगळं ‘सेट’ होतं.

आणि सूर्य? तो मावळतो तेव्हा ‘सेट’ का होतो, त्याला कोण बसवतं? कोणी नाही, तो आपला आपण बसतो. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला ‘सेटल्गांग’ असा शब्द होता. ‘सेटल्’ म्हणजे आसन, ‘गांग’ म्हणजे जाणं. दिवसभर उभा असलेला सूर्य संध्याकाळी आपल्या आसनाकडे निघाला! आजच्या ‘सनसेट’मध्ये ते आसन कोणाला दिसत नाही, पण आहे.

आता तो ‘हात बसणे’. तू इंग्रजीच्या चारशे अर्थांना घाबरतेस, आणि स्वतः मात्र घसा बसला, धक्का बसला, विश्वास बसेना, गणिताची रीत डोक्यात बसली, रंग नीट बसला नाही, गाणं छान बसलंय, हे सगळं श्वास न घेता बोलतेस. ‘घसा बसला’ आणि ‘गाणं बसलं’ यांत एक बिघडलंय आणि एक जमलंय, तरी तुझा गोंधळ होत नाही. का? कारण तू ‘बसला’कडे बघतच नाहीस, घशाकडे आणि गाण्याकडे बघतेस. ‘सेट’च्या बाबतीतही तेवढंच कर. त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते आधी बघ.

एक गंमत राहिली. ‘सिट’, ‘सेट’ आणि संस्कृतातला ‘सद्’ हा धातू एकाच कुळातले. त्यामुळे संसद, परिषद, सभासद, उपनिषद, सदन ही सगळी ‘सेट’ची भावंडं. ‘नीड’ म्हणजे घरटं, तेही ‘नि’ अधिक ‘सद्’, आणि इंग्रजी ‘नेस्ट’ त्याचंच रूप. आपलं ‘बसणे’ मात्र त्या घरातलं नाही. ते ‘उपविश्’वरून ‘बैसणे’ होत होत आलं. अर्थ जुळतो, कूळ वेगळं.

‘आय सेट द अलार्म’ हे वर्तमान की भूत?

दोन्ही. सेट, सेट, सेट, तिन्ही रूपं सारखी. जुन्या इंग्रजीत भूतकाळ ‘सेटे’ असा होता. पुढे शेवटचा स्वर गळून पडला आणि वर्तमान-भूत एकमेकांत मिसळले. ‘पुट’, ‘हिट’, ‘कट’, ‘लेट’ यांचंही आज तसंच आहे. वाक्यात ‘ही’ किंवा ‘शी’ असेल तर सुटका होते: ‘ही सेट्स’ वर्तमान, ‘ही सेट’ भूत. ‘आय’ असेल तर आजूबाजूला ‘काल’ किंवा ‘रोज’ शोधा.

गणितातला ‘संच’ आणि अलार्म ‘सेट’ करणे यांत काय संबंध? बुद्धिबळाचा सेट, टेनिसचा सेट, टीव्ही सेट यांत बसवण्यासारखं काहीच दिसत नाही.

दिसत नाही, कारण नाही. शाबास! इथे दोन वेगळे शब्द एकाच वेशात फिरताहेत.

समूह या अर्थाचा ‘सेट’ हा बव्हंशी जुन्या फ्रेंचमधल्या ‘सेट’वरून आला, आणि तो लॅटिन ‘सेक्टा’वरून. ‘सेक्टा’ म्हणजे मागोमाग जाणारे, अनुयायी. पंथाला इंग्रजीत ‘सेक्ट’ म्हणतात तो हाच. आधी एका पंथाची माणसं, मग एका जातकुळीची माणसं, मग एका जातकुळीच्या वस्तू, असा तो घसरत घसरत बुद्धिबळाच्या सोंगट्यांपर्यंत आला. उच्चार सारखा असल्यामुळे पुढे लोकांनी दोन्ही एकत्र कालवले. एकत्र बसवलेल्या वस्तू म्हणजे सेट, असं कोणालाही वाटेल, आणि वाटत आलंच आहे. नाटक-सिनेमाचा सेट मात्र खरोखर ‘बसवलेला’ आहे, त्याला या पंथात ढकलू नका.

लॅटिनमधलं ते ‘मागोमाग जाणं’ संस्कृतात ‘सच्’ या धातूत आहे: सोबत असणे, अनुसरणे. त्यावरून ‘सचिव’. म्हणजे क्रियापद ‘सेट’ हे संसदेचं नातेवाईक, आणि समूहवाचक ‘सेट’ हे सचिवाचं. हे मी पहिल्यांदा जुळवलं त्या दिवशी घरात सांगायला कोणी नव्हतं, म्हणून आज तुम्हाला सांगून घेतलं.

गणिताबद्दल एवढंच, की संचांचा सिद्धांत उभा करणारे गेऑर्ग कँटोर जर्मनमध्ये लिहीत. त्यांचा शब्द ‘मेंगे’, म्हणजे समुदाय, ढीग. इंग्रजीनं त्याला ‘सेट’ केलं आणि मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘संच’. मला विचाराल तर तिघांत ‘संच’ उजवा, कारण त्याला दुसरी कामं फारशी नाहीत. ‘रिक्त संच’ म्हटल्यावर कोणाच्याही डोळ्यांपुढे रिकामं शूटिंगचं आवार येत नाही.

मी हौसेनं भाषांतर करतो. ‘सेट’ला सगळीकडे चालेल असा एक चपखल मराठी शब्द सुचवाल का?

नाही. आणि का नाही, त्याची किंमत मी मोजलेली आहे.

मी भाषांतराला नवी होते तेव्हाची गोष्ट. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून छपाई व्हायची तो काळ. एका इंग्रजी कादंबरीचं काम मिळालं होतं. नायक पंचवीस वर्षांचा, तापट, देखणा. एका प्रसंगी शत्रू दाराबाहेर उभा आहे आणि मूळात वाक्य आहे की त्यानं आपले दात ‘सेट’ केले आणि दार उघडलं. मला ‘सेट म्हणजे बसवणे’ हे नुकतंच समजलं होतं, आणि नवं समजलेलं माणूस सगळीकडे वापरून बघतं. मी लिहिलं: ‘त्यानं दात बसवले आणि दार उघडलं.’

गॅली प्रूफं, म्हणजे तपासायचे कच्चे छापे, घरी आली. त्या ओळीशेजारी समासात जुळाऱ्यानं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘बाई, नायकाला कवळी कधी बसली?’

जुळाऱ्याचं इंग्रजी बेताचं होतं, पण मराठी वाक्याला काय झालंय ते त्याला बरोबर कळलं. ‘त्यानं दातओठ खाल्ले’ हे सुचायला मला ती संध्याकाळ लागली, आणि तेही बरोबर नव्हतं. दातओठ खाण्यात राग असतो, मूळात निर्धार होता. शेवटी ‘त्यानं दात घट्ट आवळले’ असं गेलं. त्या दिवसापासून मी ‘सेट’साठी वहीत वेगळी पानं ठेवली आहेत. डावीकडे शेजारी, उजवीकडे मराठी. नमुन्यादाखल थोडं देते. सापळा लावणे. गजर लावणे. आग लावणे. कवितेला चाल लावणे. प्रश्नपत्रिका काढणे. नियम घालणे. उदाहरण घालून देणे. टेबल मांडणे. मुदत ठरवणे. कैदी सोडणे. कुत्रं अंगावर सोडणे. खिळे जुळवणे. आणि ज्या गोष्टीला माणूस आपला चेहरा ‘सेट’ करतो तिथे चेहऱ्याला हातही न लावता ‘ठाम विरोध करणे’.

या पानांवर मागे एकदा नजर टाकली तेव्हा लक्षात आलं, की सगळ्यात जास्त वेळा ‘बसवणे’ येतच नाही. ‘लावणे’ येतं. मूळ अर्थ एक आणि वापरातला जोडीदार दुसरा! ‘लागणे’चे अर्थ मोजायला बसलात (भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, वेड लागतं, डोळा लागतो) तर ऑक्सफर्डच्या मंडळींना नऊ महिने आपल्याकडे काढावे लागतील. तेव्हा एक शब्द शोधू नका. ‘सेट’ झाकून वाक्य वाचा, त्या कर्माशी मराठीत कोणतं क्रियापद नांदतं ते आठवा, मग हात काढा.

बांधकामाच्या माहितीपुस्तकात ‘सेट’ आणि ‘हार्ड’ वेगवेगळे दिलेत. दोन्हीचं भाषांतर ‘सुकणे’ केलं तर चालेल?

मुळीच नाही. ‘सुकणे’ तर तिसरंच आहे. सिमेंट पाणी उडून गेल्यामुळे घट्ट होत नाही, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे होतं. म्हणून ते पाण्याखालीही घट्ट होतं, आणि नंतर कितीतरी दिवस त्याला पाणी मारावं लागतं. ‘सेट’ होणं म्हणजे मऊपणा जाऊन आकार धरणं, हे तासांचं काम. ‘हार्ड’ होणं म्हणजे ताकद येत जाणं, ते आठवडेच्या आठवडे चालतं. पहिलं मोजायला फ्रेंच अभियंता व्हिका यांच्या नावाची सुई असते. ती सिमेंटच्या लगद्यात किती शिरते ते बघतात, आणि एका टप्प्यानंतर ती शिरेनाशी होते. मी ‘आकार धरणे’ आणि ‘ताकद धरणे’ असं लिहीन. कामावरची माणसं ‘सेट झालं’ म्हणतात. त्यांच्यासाठी पुस्तक असेल तर तेच लिहा, उगाच पंडिती करू नका.

‘सेट ऑफ’ म्हणजे निघणे, फटाका उडवणे, आणि उठाव देणेसुद्धा! ‘ऑफ’ म्हणजे तर बंद. इंग्रज लोकांना वेड लागलंय का?

लागलंय, पण आपल्या पूर्वजांनाही लागलं होतं. संस्कृत शिकताना हा श्लोक बहुतेकांच्या वाट्याला येतो:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥

उपसर्ग धातूच्या अर्थाला बळजबरीनं भलतीकडे ओढून नेतो. ‘हृ’ एकच, पण प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार यांचा एकमेकांशी पत्ता नाही. इंग्रजीत हा ओढणारा पुढे न लागता मागे लागतो, एवढाच फरक. आणि ‘ऑफ’चा जुना अर्थ ‘बंद’ नाही, ‘पासून दूर’ असा आहे. दिवा ‘ऑफ’ म्हणजे प्रवाहापासून तुटलेला. ‘सेट ऑफ’ केलं की माणूस जागेपासून सुटतो, फटाका स्वस्थपणापासून सुटतो, आणि गडद पडद्यासमोरची पिवळी साडी पडद्यापासून सुटून उठून दिसते.

खरी चकवणारी जोडी वेगळीच आहे. ‘सेट अप’ म्हणजे संस्था उभी करणं, आणि ‘सेट अप’ म्हणजेच निरपराध माणसाला कटात अडकवणं. इथे शेपटीही तीच! तुटलेलं वाक्य समोर आलं तर मीसुद्धा पुढचा परिच्छेद वाचून येते.

‘लाइफ सेट आहे’ हे शुद्ध मराठीत कसं म्हणायचं?

‘बस्तान बसलंय.’ त्यात ‘सेट’ही आहे, बसवणंही आहे आणि थोडी असूयाही आहे.

पण मी तुमच्या जागी असते तर ‘सेट’ हाकलायच्या मागे लागले नसते. मराठीत आल्यावर त्यानं इथले स्वतःचे अर्थ काढलेत. ‘सेटिंग’ हा शब्द आतून केलेल्या जुळवाजुळवीसाठी वापरतात, तो अर्थ घेऊन लंडनला गेलात तर लोक तुम्हाला खोलीची सजावट दाखवतील. आणि ‘त्यानं सेटिंग लावली’ या वाक्यात तर बसवणे आणि लावणे दोन्ही एकावर एक घातलेत. माझ्या वहीत त्याच्यासाठी उजवीकडची जागा अजून रिकामी आहे. कोणाला इंग्रजीत नेमका शब्द सुचला तर कळवा. पाकिटावर ‘सेट’ असं लिहा, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाच्या गठ्ठ्यात जाणार नाही.